साहेबांच्या खिडकीपुढचं कुंपण

माझी आत्या कारखान्याच्या वसाहतीत माळीण होती. दिवसभर ती कुंपणाची झुडपं गुडघ्याच्या उंचीला कापायची. व्यवस्थापक साहेबांना सगळं एकसारखं लागे. पोरांनी त्यांचं नावच ‘फूटपट्टी’ ठेवलं होतं.

आत्याच्या खोलीमागे मात्र हातभर अंगण होतं आणि तिथे तिने कधी कातर नेली नाही. जे उगवेल ते उगवू द्यायची. कामावरून आली की चहाचा कप घेऊन त्या रानात बसायची. ‘‘इथं कुणाला कुणाच्या मापात बसायचं नाही,’’ म्हणायची. लग्न का केलं नाहीस, असं विचारणाऱ्यांनाही ती तेच अंगण दाखवायची.

आजोबा आजारी होते म्हणून ती दवाखान्यात राहिली. परतली तेव्हा अंगणाच्या जागी गुळगुळीत फरशी होती. साहेबांचा हुकूम. वसाहतीला शिस्त हवी होती.

आत्या रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या गल्लीतली कुंपणं कापली, फक्त साहेबांच्या खिडकीपुढचं कुंपण सोडून.

‘‘बाई, आमच्याकडचं राहिलं,’’ साहेब म्हणाले.

‘‘राहिलं नाही, ठेवलंय.’’

‘‘कधीपर्यंत?’’

‘‘माझं अंगण परत उगवेपर्यंत.’’

‘‘फरशीतून उगवणार?’’

‘‘म्हणून तर म्हणते, घाई करू नका.’’

साहेबांनी दुसऱ्या माळ्याला बोलावलं. त्याची कातर नेमकी धार लावायला गेलेली असायची, दर वेळी. कुंपण छातीला लागलं, मग खिडकीच्या वर गेलं. साहेबांना दुपारीही दिवा लावून जेवावं लागे. नोकरी जाईल, खोली जाईल, असा निरोप आला. बाबा तिला समजवायला गेले.

‘‘ताई, माफी माग. झुडपांपायी डोक्यावरचं छप्पर घालवशील?’’

‘‘झुडपांपायी नाही, त्याच्यापायी.’’

‘‘सूड घेऊन तुला काय मिळणार?’’

‘‘मला मिळायला कशाला हवं? त्याचं जायला हवं.’’

आणि एके सकाळी ते कुंपण फुललं. जांभळ्या फुलांचे झुबके लोंबू लागले. इतकी वर्षं त्याला फुलं येतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कळी धरायच्या आत कातर फिरायची. बायका बघायला थांबू लागल्या. फुलांमागून मधमाश्या आल्या आणि साहेबांची खिडकी कायमची बंद झाली. शेवटी ते स्वतःच कातर घेऊन उतरले. काट्यांनी हात ओरबाडले, माशीने ओठ गाठला. तो असा सुजला की वसाहतीत दोन दिवस हुकूम सुटला नाही. आत्या पोट धरून हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

निसर्गात मन निवतं, असं मी तेव्हा पुस्तकांतून वाचत होते. आत्याचं मन निवलं नाही. तिला निसर्गात साथीदार सापडला होता.

ओठाची सूज उतरली तशी तिची नोकरी गेली. खोली सोडायच्या दिवशी आम्ही सामान टेम्पोत चढवलं. कुंपणाला आता पिवळी फळं धरली होती. तिने ओंजळभर तोडली, खोलीमागे गेली, आणि फरशीच्या फटींत एकेक फळ अंगठ्याने दाबू लागली.

‘‘आत्या, आता इथे तू राहणार नाहीस,’’ मी म्हटलं.

‘‘तो राहणार आहे ना!’’

बाबांनी टेम्पोचा हॉर्न वाजवला. ती उठली नाही. भिंतीलगतची फट अजून राहिली होती.