मिलोची भाकरी

बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. पाथर्डीकडची आमची जोंधळ्याची रानं करपून गेलेली. रेशनवर मिळायचा तो मिलो, म्हणजे परदेशातला लाल जोंधळा. माहेरी आईनं मला भाकरी अशी शिकवलेली, की परातभर थापली तरी चिरायची नाही. आणि हा मेला मिलो! पिठाला चिकटपणा म्हणून नाही. कढत पाण्यात मळलं तरी कडा फाटायच्या, उचलताना दोन तुकडे, तव्यावर चार.

मी जातीचीच मानी. पिठाला दोष द्यावा की नाही? छे! माझ्याच हाताला गुण नाही, आईचं नाव घालवलं, असं म्हणत मी चुलीपुढं रडायची. तलावाच्या दुष्काळी कामावर दुपारी बाया घोळक्यानं जेवायला बसत. नव्या सुनेनं काय आणलंय, हे बघायची सगळ्यांनाच हौस. मी भाकरीचं फडकं सोडतच नसे. 'भूक न्हाई' म्हणायची आणि मातीच्या ढिगाआड जाऊन बसायची. दिवसभर पाट्या वाहून डोळ्यांपुढं अंधारी यायची, पण लाज भुकेपेक्षा मोठी.

एकदा माझा हात भाजला, म्हणून सासूबाई चुलीपुढं बसल्या. गावात लग्न निघालं की भाकरी थापायला पहिलं बोलावणं त्यांना. त्यांची भाकरी उचलताना मोडली. दुसरीही मोडली. मला वाटलं, आता ह्या चिडणार! तर ही बाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"आगं बया! समदा जल्म थापन्यात गेला, अन ह्या पाव्हन्यानं मला पार उताणी पाडली की गं!"

दुपारी कामावर त्यांनी फडकं घेतलं आणि सगळ्या बायांच्या मधोमध सोडलं. "या गं, बघा माझा चुरा! नाचता येईना अंगन वाकडं, आसं खुशाल म्हना!"

मग अशी हसण्याची लाट उठली! आणि पदराआड लपवून खाणाऱ्या एकेक बाईनं आपलं फडकं पुढं सरकवलं. बघते तर काय, सगळ्यांचाच चुरा. मी थक्क झाले. एवढी नावाजलेली बाई चारचौघीत स्वतःला हसली, आणि तिचं तिळभरही काही कमी झालं नाही. मला ती आणखीच मोठी दिसली.

मी ढिगाशी उभीच होते. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, सकाळी माझी भाकर मोडली. तू मला नावं ठिवली का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मनातसुदिक?"

"न्हाई वो!"

"मग सोतालाच कशापायी ठिवतीस? तू बी कुनाची तरी लेकच हाईस की."

मला रडूच फुटलं. त्यांनी मला हाताला धरून बायांत नेऊन बसवलं, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले.