अंडं उठलं का?

टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये काम म्हटलं की लोकांना वाटतं, काय शांत नोकरी! एसी, मायक्रोस्कोप, तोंडाला मास्क, कोणाशी बोलणं नाही. पण किस्से मास्क लावला तरी आत येतातच! पनवेलच्या त्या सेंटरमध्ये मी दहा वर्षं काढली. सोडताना टेबल दहा मिनिटांत रिकामं झालं. किस्से मात्र अजून निघताहेत.

सेंटर छोटंसं. डॉक्टर मॅडम, रिसेप्शनला वंदनाताई आणि आत लॅबमध्ये मी. बारीक सुईने पुरुषाचं बीज बाईच्या अंड्यात सोडायचं, हे माझं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यात दोन गोल ठिपके दिसले, की जमलं! मग घरी फोन करायचा, तोही मीच.

*

उरणकडचं एक कोळी जोडपं होतं. नवरा लक्ष्मण, होडीवर जाणारा. पहिल्या वेळी त्यांचं एकही अंडं फळलं नाही.

डॉक्टर मॅडमनी चित्र काढून समजावलं. बीज आत गेलं की अंडं जागं व्हायला हवं, ते झालंच नाही. पुढच्या वेळी बीज सोडल्यावर अंडी थोडा वेळ एका औषधात ठेवू. त्याने अंड्यातलं कॅल्शियम वाढतं आणि ते कामाला लागतं. याला म्हणतात आर्टिफिशियल अ‍ॅक्टिव्हेशन.

लक्ष्मण बराच वेळ चित्राकडे बघत बसला. बायकोने विचारलं, "समाजला का?"

"समाजला. पावना घरान शिरला, पन घरवाली निजलीय. आता ह्या मॅडम तिला हालवून उठवनार!"

डॉक्टर मॅडमनी ते चित्र त्याच दिवशी फाडून टाकलं. त्यानंतर सगळ्या पेशंटना पाहुणा आणि घरवालीच! रोज सकाळी मी लॅबमधून बाहेर आले, की वंदनाताईंचा पहिला प्रश्न असायचा, "उठलं का?"

लक्ष्मणच्या आठातली तीन उठली.

*

नवीन पनवेलचे सावंत मोबाइल कंपनीत होते. अ‍ॅक्टिव्हेशन हा शब्द ऐकताच ते खुर्चीत सरसावून बसले.

"किती तास लागतात?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं," मी म्हटलं.

"आमच्याकडे सिम कार्ड चार तासांत होतं. एसएमएस येतो का?"

"मी फोन करते."

"आणि नाहीच झालं तर? पुन्हा डॉक्युमेंट्स द्यायची?"

मिसेस सावंत तीन व्हिजिट्समध्ये एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना ठेवता येईल का हो त्या औषधात? सात वर्षं झाली लग्नाला, अजून अ‍ॅक्टिव्हेट झालेले नाहीत!"

*

सगळ्यांची उठतात असं नाही. ज्योती जासईला कंटेनर यार्डच्या गेटवर कॉम्प्युटरवर बसायची. गाडी आली की नंबर टाकायचा, गेली की नंबर टाकायचा. तिची पाच अंडी होती. औषधात ठेवली, धुतली, सगळं रीतसर केलं. सकाळी बघितलं तर पाचही तशीच.

फोन केला तेव्हा ती ड्यूटीवर होती. मी म्हटलं, "ज्योती, या वेळी एकही नाही गं."

"बरं," ती म्हणाली. मग आवाज फोनपासून लांब गेला. "गाडी नंबर बोल रे! जोरात बोल." मागे ट्रकचा हॉर्न. पुन्हा जवळ येऊन, "हां, बोला मॅडम. अजून काही?"

अजून काही नव्हतं.

चार दिवसांनी ती फाइल न्यायला आली. वंदनाताईंनी मला बाहेर बोलावलं. मी मनात वाक्यं जुळवतच गेले. माझ्याकडे बघून ज्योती म्हणाली, "त्या दिवशी नाश्ता केला नव्हता ना तुम्ही? आवाज एकदम खोल गेलेला. खाऊन मग फोन करत जा, मॅडम."

फाइल घेऊन गेली. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

*

शबानाची सासू म्हणजे वेगळंच प्रकरण! शबानाचा नवरा कुवेतला, सुट्टी काढून आलेला. मॅडम सगळं समजावत होत्या. सासूबाईंनी त्यातला एकच शब्द पकडला.

"कॅल्शियम? मग आधी नाही का सांगायचं, डॉक्टरसाहेबा! इन्शाअल्ला, पंधरा दिवसांत भरून काढते."

मॅडमनी परोपरीने सांगितलं, की हे हाडांचं कॅल्शियम नव्हे. काही उपयोग नाही! शबानाला रोज सकाळ-संध्याकाळ बकऱ्याच्या पायाचं सूप सुरू झालं.

अंडी काढायच्या दिवशी सासूबाई दोन डबे घेऊन हजर. "हा शबानाचा. आणि हा अंड्यांचा."

वंदनाताई उडाल्याच. "अंड्यांचा?"

"तुम्ही त्यांना कॅल्शियम देणारच आहात ना? मग बाजारचं कशाला? घरचं द्या!"

अंड्यांचा डबा दुपारी मी आणि वंदनाताईंनी संपवला. काय चव होती! दुसऱ्या दिवशी नवातली सहा उठलेली. सासूबाई मॅडमना म्हणाल्या, "बघा, मी बोलले नव्हते?"

दोन महिन्यांनी त्यांच्या नात्यातली एक मुलगी आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मला ते पायेवालं ट्रीटमेंट करायचंय."

*

नेऱ्याचे भोईरकाका मुलीला घेऊन यायचे. त्यांची पोल्ट्री होती. त्यांच्या मुलीची अंडी औषधातून काढून इनक्युबेटरमध्ये ठेवली, आणि लाइट गेली. बिल्डिंगचा जनरेटर सुरू होईना. आमची बॅटरी टीं-टीं करायला लागली. मॅडम फोनवर फोन करतायत, कोणी दाद देईना.

भोईरकाका बाहेर बाकावर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बॅटरी किती टाइम चालल?"

"तासभर. फार तर."

त्यांनी घरी एक फोन केला. पाऊण तासात पोल्ट्रीचा जनरेटर टेम्पोतून दारात! काकांनी स्वतः वायर ओढत दुसऱ्या मजल्यावर आणली. जिन्यात कोंबड्यांची पिसं. इनक्युबेटरमधल्या तापमानाचा आकडा जराही हलला नाही.

घाम पुसत ते मला म्हणाले, "आमचं मशीन बाराशे अंड्यांचं हाय. तुमचं केवढं?"

"आत्ता आत सहा आहेत, काका."

"सहाशे?"

"सहा."

काका वायरीकडे बघत राहिले. "सहा अंड्यांसाठी मी जनरेटर आनला?"

मी विचारलं, "आणि तुमच्या कोंबड्या?"

"त्या बसल्यात उकाड्यात," काका म्हणाले. "आज त्यांना नाय."

*

आता पेंडसे. बाई शाळेत शिकवायच्या, चाळिशीला आलेल्या. नवरा बँकेत. दुसरीकडे दोनदा शून्य झालेलं, म्हणून आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हेशनसाठी आले. या वेळीही शून्य आलं तर थांबायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

अंडी काढायच्या दिवशी पेंडसे मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या घरच्याच नंबरवर फोन करा. आमच्याकडे एका लाइनीवर दोन फोन आहेत. मी आतल्या खोलीतला उचलतो. काय असेल ते मला सांगा. मागच्या वेळी ही चक्कर येऊन पडलीच होती. मी हळूहळू सांगेन तिला."

मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने बाई भुलीतून शुद्धीवर आल्या. त्यांनी माझा हात धरला. "उद्या घरच्या नंबरवर करा हं. मी हॉलमधल्या फोनजवळच बसते. ह्यांना काही सांगू नका. मागच्या वेळी आठवडाभर जेवले नाहीत. मी सांगेन सावकाश."

मी त्यांनाही हो म्हटलं.

सकाळी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "हॅलो," बाईंचा आवाज.

"चार," मी म्हटलं. "बाई, चार उठलीत."

बाई एकदम कुजबुजायला लागल्या. "ह्यांना नका हं सांगू, मीच सांगते. आत झोपलेत अजून. चहा करते, उठवते, मग सांगते. नाहीतर असं करते, आधी नुसतंच..."

तेवढ्यात लाइनीवर कोणीतरी जोरात नाक शिंकरलं. ती मी नव्हते.

बाई बोलतच होत्या.