फणसाचा निकाल आणि माझ्या सुनेची साक्ष

माझी सून बाळंतिणींची सोबतीण का झाली, याविषयी आमच्या ख्रिस्ती मंडळीत जी हकीकत सांगितली जाते, ती मला मान्य नाही. मंडळी तिच्यावर विश्वास ठेवते, कारण ती सांगणारी खुद्द माझी सूनच आहे. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी कुणाला साक्ष द्यायची आहे का, असे विचारले, तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. पहिल्या बाळंतपणात आपल्या सोबतीला फक्त मामा होते, असे तिने सांगितले. मामा म्हणजे मी, तिचा सासरा. पुढे ती म्हणाली, “त्याच दिवशी मी प्रभूला शब्द दिला. ह्यातनं मला सुखरूप सोडव, परत कुठल्या बाईवर अशी पाळी येऊ देणार न्हाय.”

मंडळी हसली. पाळकसाहेब हसू लपवण्यासाठी गायनाचे पुस्तक शोधू लागले, जे त्यांच्या हातातच होते. माझ्या बाजूने उभे राहणे जिचे कर्तव्य होते ती माझी पत्नी रुमालात तोंड खुपसून बसली. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी, नीट ऐकू आले नाही म्हणून, ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

मी सगळी नोकरी जमिनीचा मोजणीदार म्हणून केली आहे. बांधावर उभे राहून दोन सख्ख्या भावांच्या दोन हकीकती ऐकणे, दोन्ही मनात ठेवणे आणि मग साखळी टाकणे, हे माझे काम होते. त्या अनुभवावरून सांगतो, हकीकतीतली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते आणि तरीही हद्दीचा दगड चुकीच्या जागी रोवलेला असू शकतो. माझ्या सुनेच्या साक्षीत नेमके तेच झाले आहे.

आधी तिच्या कामाविषयी. त्याला डूला म्हणतात. ती सुईण नव्हे आणि नर्सही नव्हे. कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत ती बाईजवळ बसते, पाठ चोळते, श्वास ताब्यात ठेवायला शिकवते, घोट घोट पाणी पाजते आणि घाबरू देत नाही. ती प्रार्थनाही करते. बाईने म्हटले तर मोठ्याने, नाही तर मनातल्या मनात.

आता पहिले बाळंतपण. रीतीप्रमाणे सून सातव्या महिन्यात माहेरी, कोडोलीला गेली होती. तपासणीसाठी कोल्हापुरात यायचे म्हणून तिच्या भावाने तिला सकाळी आमच्या घरी सोडले आणि उसाला तोड आली आहे म्हणून तो तसाच माघारी गेला. माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. पत्नी नेसरीला, महिलांच्या मेळाव्यात. तपासणीसाठी रिक्षात बसलो आणि वाटेतच कळा सुरू झाल्या.

दवाखान्यात सिस्टरने विचारले, बरोबर बाईमाणूस कोण आहे? मी आहे, असे मी म्हणालो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. अजून बराच वेळ आहे, यांना इथेच चालवा, एवढे सांगून ती निघून गेली.

चालवा म्हणणे सोपे आहे. आमचे घराणे ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, त्यात पुष्कळ काही बदलले. पण सासऱ्याने सुनेच्या हाताला हात लावायचा नाही, हे बदलले नव्हते. तिला आधार तर हवा होता. म्हणून मी माझी छत्री पुढे केली. मुठीचे वाकडे टोक तिने धरले, दुसरे मी धरले, आणि आम्ही व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. कळ आली की ती छत्री अशी ओढायची की मी भिंतीवर जाऊन आपटायचो. पेशंट नेमका कोण, असे एका वॉर्डबॉयने विचारल्याचे सून सांगते. मला तसे आठवत नाही.

मी सिस्टरशी भांडलो, हा माझ्यावरचा आणखी एक आरोप. मी फक्त डॉक्टर केव्हा येणार ते विचारत होतो, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे याला भांडण म्हणत नाहीत. दुसरा आरोप असा की धीर देण्यासाठी मी जे स्तोत्र निवडले, ते मला पाठ असलेल्यांपैकी सर्वांत लांब होते. निवडले होते, कबूल. बाळंतपणही लांबले होते.

तिसरा आरोप फणसाचा आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. स्तोत्र संपले तेव्हा काय बोलावे हे मला सुचेना, म्हणून मी तिला बिद्रीच्या दोन भावांच्या बांधाची गोष्ट सांगू लागलो. बांधावर फणस होता. मुळे थोरल्याच्या शेतात, फळे लागत ती धाकट्याच्या बाजूने. दोन्ही घरांचे बोलणे बंद, इतके की थोरल्याचा बैल त्या सावलीत बसला तर धाकटा त्याला उठवायला यायचा. मोजणीच्या दिवशी थोरल्याची बायको झाडाला पाठ लावून बसली आणि साखळी न्यायची असेल तर माझ्यावरून न्या, म्हणाली. इथपर्यंत आलो तेव्हा सुनेला मोठी कळ आली. ती ओसरली, तिने कपाळावरचा घाम पुसला आणि विचारले, “मग?”

माझ्याजवळ असलेला हा पहिला पुरावा. त्रास होत असलेले माणूस ‘गप बसा’ म्हणते, ‘मग?’ म्हणत नाही. मी पुढे सांगणार तोच तिला आत नेले. मला नातू झाला आणि गोष्ट अर्धी राहिली. पत्नी संध्याकाळी नेसरीहून आली आणि आल्या आल्या, तुम्ही पोरीला काय काय ऐकवलेत, असे मलाच विचारू लागली.

साक्षीप्रमाणे कथा इथेच संपते: छत्री, स्तोत्र, फणस आणि प्रभूला दिलेला शब्द. दुसऱ्या बाळंतपणाचा त्यात उल्लेखही नाही.

दुसऱ्या वेळी मुलाने तिला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे फरशीत तोंड दिसायचे. नियम असा की आत नातेवाईक नको. आम्ही सगळे फाटकाशी बसलो आणि पहारेकऱ्याने माझी छत्रीसुद्धा ठेवून घेतली. सगळे व्यवस्थित झाले. दुसरा नातू गुटगुटीत होता. परतताना मुलगा गाडी चालवत होता, पत्नी बाळाला घेऊन पेंगत होती. खिडकीबाहेर बघत सून हळूच म्हणाली, “मामा, सगळं चांगलं हुतं. पर आत बोलायला कुणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत हुते मी. तुमची छत्री असती तर तीबी धरली असती.”

हद्दीचा दगड इथे आहे. पुढच्याच महिन्यात तिने त्या शिक्षणाची चौकशी सुरू केली. मी असताना झालेल्या त्रासातून नव्हे, तर मी नसताना आलेल्या एकटेपणातून ती डूला झाली, आणि हे वाक्य मी सोडून कुणी ऐकलेले नाही. साक्षीच्या दिवशी घरी आल्यावर मी तिला जाब विचारला की हे का वगळलेस? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “ते सांगितलं असतं तर तिथंच रडले असते. जेवढं हसून सांगाय येतंय तेवढं सांगितलं.” यावर माझ्याकडे उत्तर होते, पण भाकरी फुगली होती आणि मी जेवायला बसलो.

शिक्षण मोबाइलवर झाले. पोरे झोपली की ती स्वयंपाकघरात गुंडाळलेल्या गादीची पाठ चोळायची, आणि श्वासाच्या सरावासाठी मला खुर्चीवर बसवायची. माझा श्वास तिच्या पुस्तकाप्रमाणे चालत नाही, असे तिचे म्हणणे. पुस्तक चूक असेल, असे माझे. मंडळीतल्या एका पंचांनी, ही सेवा आहे की धंदा, असा प्रश्न काढला. त्यांचे औषधांचे दुकान आहे. दुकानातल्या गोळ्या सेवा म्हणून देता की धंदा म्हणून, एवढेच मी विचारले. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त नाताळात बोलतात.

शिकून झाले तरी तिला कुठला दवाखाना आत घेईना. शेवटी माझ्या लेकीचे पहिलेच बाळंतपण आले. ती माहेरी आली होती आणि फार घाबरली होती. मला वहिनी जवळ हवी, असे तिने डॉक्टरीणबाईंना सांगितले. बाईंनी विचार केला आणि सुनेला स्पष्ट बजावले, “एकदा बघते. आत एकच बाई राहील. दंगा झाला, गर्दी झाली, तर परत माझ्याकडं हे विचारायला यायचं नाही.” सुनेने आणखी तीन ठिकाणी विचारले होते आणि तिन्ही ठिकाणी नकार आला होता. म्हणजे तिचे काम सुरू होणार की संपणार, हे त्या एका दिवसावर होते.

अडचण होती ती माझ्या पत्नीची. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात उशाशी आई बसते, हा तिचा हक्क होता आणि त्या हक्काची ती लेकीच्या लग्नापासून वाट पाहत होती. एकच बाई राहील हे तिला सांगून झाले होते. आई म्हणजे बाईमाणसांच्या मोजणीत धरायची नसते, असे तिचे मत पडले. इस्त्रीची साडी, कॉफीचा थर्मास आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ती दारापाशी उभी राहिली. आतून लेकीचा आवाज आला की दार वाजवायची. सिस्टर एकदा सांगून गेली, दुसऱ्यांदा रागावून गेली. तिसऱ्यांदा दार उघडले ते सुनेने. तिने पत्नीच्या खांद्यावरून फक्त माझ्याकडे पाहिले.

पुढे जे झाले त्याविषयी सबंध घरात एकच हकीकत आहे: म्हातारा-म्हातारी व्हरांड्यात भांडली आणि पहारेकऱ्याने दोघांना बाहेर काढले. भांडण झाले, हे खरे. ते मी सुरू केले, हेही खरे. परंतु का, हे कुणी विचारत नाही.

मी पत्नीला म्हणालो, एवढी काळजी होती तर पहिल्या वेळी नेसरीला कशाला गेली होतीस? आमच्या संसारात हा एकच विषय असा आहे की तो निघाला तर ती हातातले काम टाकून येते. तिने दार सोडले आणि माझ्याकडे वळली. मी चालू लागलो. ती मागून बोलत होती, मी पुढून उत्तरे देत होतो. व्हरांडा, जिना, आवार आणि फाटक. फाटक पहारेकऱ्याने उघडले, कारण फाटक उघडणे हेच त्याचे काम आहे. मोजणीत साखळीचे टोक घेऊन पुढे चालणाऱ्याला कुणी हाकलले, असे कुणी म्हणत नाही.

समोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्यावर बसल्यावर पत्नीच्या लक्षात आले. “मुद्दाम काढलं की तुमी मला भाईर.”

“व्हय.”

“माझी पोरगी हाय आत.”

“माझीबी हाय.”

लाडवांचा डबा तिने मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. मी दोन चहा सांगितले. ते आले आणि निवले.

मग माझा फोन वाजला. सून होती, आवाज दबलेला. “मामा, फणस कुणाला मिळाला?”

मी म्हणालो, काय?

“बिद्रीचा फणस. दर कळेला थोडी थोडी गोष्ट सांगत आणलीया. थोरली झाडाला टेकून बसली हितपर्यंत आलोय. पुढचं मलाच कुठं ठावं हाय? ही म्हणतीया, सांगितल्याबिगर जोर देणार न्हाय. बाळ आलंय अगदी दाराशी. लवकर सांगा.”

वाचकहो, तो फणस कुणाला मिळाला, हे मला माहीत नाही. निकालाआधीच माझी बदली झाली होती. म्हणूनच ही गोष्ट मी आजवर कुठेही पुरी केली नव्हती, आणि हे एक पत्नी सोडून कुणाला ठाऊक नव्हते. कागदावर नसलेली हद्द मी जन्मात कुणाला सांगितली नाही.

एव्हाना फोनला कान लावून बसलेल्या पत्नीने तो माझ्या हातातून घेतला. “धाकट्याला,” ती ठामपणे म्हणाली. “तिच्या कानाला लाव फोन. लावलास? बाळा, फणस धाकट्याला मिळाला. आन् थोरलीनं सोताच्या हातानं फोडून पयला गरा जावंला दिला. झालं भांडण. आता दे जोर. मी हितंच हाय.”

फोन बंद करायचे कुणाला सुचले नाही. एका फोनला दोन कान लावून आम्ही बाकड्यावर बसलो. लेकीचा आवाज येत होता, त्यावर सुनेचा, शांत, “अजून थोडं, अजून थोडं” म्हणणारा. मग तिसरा आवाज आला, फार बारीक आणि फार रागावलेला. पत्नी म्हणाली, हा राग तुमच्याकडचा. मला नात झाली होती.

आम्हाला आत सोडले तेव्हा डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर येत होत्या. पुढच्या आठवड्यात एक पहिलटकरीण आहे, फार घाबरट आहे, तिच्यासाठी याल का, असे त्यांनी सुनेला विचारले. ती पहिलटकरीण मुसलमान घरातली होती. तिथे सुनेने प्रार्थना मनात केली आणि त्या मुलीच्या सासूने आपली मोठ्याने केली. त्यानंतर सुनेला कुणाकडे विचारायला जावे लागलेले नाही. माझी छत्री तिने मागून नेली. ती अजून परत आलेली नाही, आणि मीही मागितलेली नाही.

आता मंडळीत नवी हकीकत रूढ झाली आहे की बिद्रीचा फणस धाकट्याला मिळाला. पाळकसाहेबांनी समेटावरच्या प्रवचनात त्या पहिल्या गऱ्याचा दाखलासुद्धा दिला. त्या हकीकतीला कागदोपत्री कसलाही आधार नाही. मी बाकावर बसून ऐकले आणि उठून उभा राहिलो नाही, ही गोष्ट ज्यांना मी माहीत आहे त्यांनी नोंदवून ठेवावी. एकदा बिद्रीला जाऊन खात्री करून घ्यावी असे मला अधूनमधून वाटते. पण विषय काढला की पत्नी माझी चप्पल लपवते.