नवीन जालन्याहून टोरांटो किती लांब

विमानाची तिकिटं काढून देणारं माझं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर आहे. तिथं तिकिटं कमी आणि चहा जास्त खपतो. येणारा लांबच्या गावाचं अंतर विचारतो आणि जाताना एक किस्सा सोडून जातो. घरी सांगायला गेलो तर बायको म्हणते, "झालाय सांगून." म्हणून आता तुम्ही ऐका.

*

तीर्थपुरीचे बन्सीअप्पा लेकाकडे न्यूयॉर्कला निघाले. तिकिटावर मुंबईहून रात्री दोनला निघून सकाळी आठला पोचायचं होतं. अप्पा खूश. "सहाच तास? मी उगंच घाबरून राह्यल्तो."

मग परतीची वेळ पाहिली. आज दुपारी निघायचं, उद्या दुपारी मुंबई. चेहरा पडला. तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं, हे मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. अप्पांनी शांतपणे मान डोलावली.

"ते बराबर हाय. पन येताना इमान जागोजागी थांबतं, हे आधी सांगायचं ना."

*

धावड्याच्या एका मावशींना तासांशी देणंघेणंच नव्हतं. "तास ऱ्हाऊ दे भाऊ. दशम्या किती बांधू, ते सांग."

मी म्हटलं, "मावशी, विमानात दोनदा जेवण देतात."

शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं बघत मावशी म्हणाल्या, "ते देतील त्यांच्या हिशोबानं. हे जेवतेत ह्यांच्या हिशोबानं."

*

माझ्या आत्याच्या लेकाला दोन नोकऱ्या चालून आल्या, एक मुंबईत, एक दुबईत. आत्यानं मला दोन्हीकडचे तास विचारले. जालना ते मुंबई रेल्वेनं सात-आठ तास, मुंबई ते दुबई विमानानं तीन.

"मंग दुबईच जवळ हाय. जा बाबा तिकडं."

"आत्या, दुबईला जायला आधी मुंबईला जावं लागतं."

"लागू दे की. ते तर वाटंतलं गाव हाय."

*

वाघमारे सर आमच्या चहाच्या टोळीतले सगळ्यात शांत गृहस्थ. लेक टोरांटोला, बाळंतपण जवळ आलेलं. सरांचा पासपोर्ट वेळेत झाला नाही, म्हणून त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या बाई, एकट्याच निघाल्या. निघताना याच दुकानात, आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी सरांना बजावलं, "बातमी मी देनार. दुसऱ्या कुनाच्या तोंडून बिलकुल ऐकायची न्हाई. एवढे बारा हजार किलोमीटर मी कशाला चालले मंग?"

विमान उडाल्यापासून सर माझ्या कम्प्युटरसमोर बसून होते. स्क्रीनवर विमानाचं चिमुकलं चित्र रांगत होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला सर न विचारता सांगायचे, "आता समुद्रावर हाय."

विमान समुद्रावर असतानाच जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. सर नुसते डोळे पुसत राहिले. मग एकदम दचकले आणि त्यांनी जावयाला परत फोन लावला.

"तुम्ही मला काहीच सांगितलं न्हाई, बरं का."

पण आनंद एकट्यानं दाबून ठेवायचा कसा? सरांनी पेढे मागवले. विमान उतरून बाई दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा पुडा फुटला होता. व्हिडिओ कॉल आला.

"अहो, ऐकून राह्यले का? नात झाली आपल्याला."

सरांनी डोळे मोठे केले. "काय सांगती?" नाटक झकास जमलं होतं. बाई स्क्रीनमध्ये जरा जवळ आल्या.

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या मागं बसलेले समदे काय खाऊन राह्यले?"