रोबोचं कपाळ

दसऱ्याला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा चालली होती. झेंडूच्या वासात शेजारच्या टेबलावरच्या सोल्डरिंगचा धूर मिसळला आणि मी थेट खाडीकाठच्या बाळकुमला, कॉलेजातल्या जगदीशच्या घरी जाऊन पोचलो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही दोघांनी प्लायवूडचा रोबो बनवलेला. टॉर्चचा उजेड जिकडे, तिकडे तो वळायचा. परीक्षेला निघण्याआधी एकदा चालवून बघितला, तर पठ्ठ्या सरळ जाऊन भिंतीवर आदळला. पुन्हा सोडला, पुन्हा भिंत. जगदीश घाईघाईने वायरी तपासायला लागला.

मग मी खाली वाकलो. पुढच्या दोन्ही सेन्सरवर ओलं कुंकू होतं.

नवी होडी पाण्यात सोडताना लावतात, तसंच जगदीशच्या आईने मघाशी लावलेलं.

"आय गो, ते डोले हायेत त्याचे!" जगदीश ओरडला.

ती लगबगीने आली. तान्ह्या पोराचे पुसावेत तसे तिने पदराने ते डोळे पुसले आणि विचारलं, "मंग त्याचा कपाल कुठं हाय?"

सगळं सर्किट तोंडपाठ असलेले आम्ही दोघं रोबोला फिरवून फिरवून बघायला लागलो. शेवटी तिनेच दोन डोळ्यांच्या वर बोटभर रिकामं प्लायवूड शोधलं आणि तिथे कुंकू टेकवलं. रोबो वळायला लागला.

तेव्हा आम्ही हसलेलो. पण त्यानंतर मी आखलेल्या प्रत्येक यंत्राच्या दर्शनी पत्र्यावर बोटभर जागा मोकळी असते. ड्रॉइंगमध्ये ती कशासाठी आहे ते लिहिलेलं नसतं. आज पूजेला आलेल्या एका बाईंनी मात्र न विचारता कुंकू नेमकं तिथेच लावलं.