शून्य दंडाचं वेळापत्रक

दिघीतल्या आमच्या शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं एकाच माणसानं केलं, आमच्या पर्यवेक्षक सरांनी. प्लायवूडच्या फळीवर खिळे, खिळ्यांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि महिनाभर कुणाशी धड बोलणं नाही. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना सर अचानक गेले. मुख्याध्यापिकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी संगणक शिकवतो.

मी तर हुशारी दाखवायला टपलेलोच होतो. फळी अडगळीत टाकली आणि प्रोग्रॅम लिहिला. आधी दोनशे वेळापत्रकं डोळे मिटून बनवायची. एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत आला, की दंड. कुणाला मध्येच ऑफ तास आला, तरी दंड. कमी दंडाची वेळापत्रकं जगवायची, त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी काढायची, बाकीची मारायची. काही हजार पिढ्यांनंतर दंड शून्यावर आला. स्टाफरूममध्ये मी चहा पाजला.

मराठीच्या बाईंचा चौथा तास सरांच्या फळीवर रोज रिकामा असायचा. मला तो सरांचा गबाळेपणा वाटला. प्रोग्रॅमनं तिथे आठवी ब बसवली. बाईंनी नवं वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं.

ऑगस्टमध्ये एकदा चौथा तास चालू असताना बाईंची शेजारीण गेटवर आली. "मालक पलंगावरनं पडल्यात, बाईंना धाडा," म्हणाली.

मग सगळं कळलं. बाईंचे यजमान चाकणला कंपनीत होते. अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणावर. चौथ्या तासाला बाई मागच्या गल्लीतल्या घरी जायच्या, त्यांना पाणी पाजायच्या, औषध द्यायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि घंटेच्या आत परत यायच्या. हे फक्त सरांना ठाऊक होतं. त्या दिवशी यजमानांनी स्वतःच पाण्याच्या तांब्याला हात घालून पाहिला होता. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून ते परतले नाहीत.

मला सरांचा अजून राग येतो. एक ओळ लिहून ठेवायला काय जात होतं? मग आठवतं, फळीवर ती ओळ रोज होती, मीच विचारलं नाही. वर्गात शिकवताना "बाकीची मारायची" या वाक्याशी आजही माझी जीभ अडते.

तेरावं झाल्यावर बाई शाळेत आल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही एकदा सांगायचं होतं."

"मला वाटलं, तुम्हा सगळ्यांचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "सरांनी दिलं, नव्या माणसांनी काढलं. हक्काचा थोडाच होता तो तास?"

चौथा तास उद्यापासून मोकळा करतो, मी म्हणालो.

"आता नको, सर. घरी कोण आहे? आठवी ब आहे तीच असू द्या."

वेळापत्रकात काहीच बदलावं लागलं नाही.