जास्तीचा मुक्काम

सिनेट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. आमच्या अमरावतीत सिनेट म्हणजे विद्यापीठाचं सिनेट. आमच्या ह्यांनी त्याची निवडणूक एकदा लढवली होती आणि ते सपशेल पडले होते. त्या दोन महिन्यांत धामणगावापासून भातकुलीपर्यंतच्या प्राध्यापकांना मी एवढा चहा पाजला की मतं त्याच्या निम्मी मिळाली असती तरी ते निवडून आले असते. सिनेट मेंबर म्हणजे पांढरा शर्ट, बगलेत फाइल, आणि मार्कशीटवर नाव चुकलं तर दुरुस्त करून देणारा माणूस. अर्ज द्यायचा, नमस्कार करायचा, मधून एकदा आठवण करून द्यायची. काम होतं.

म्हणून मी अमेरिकेतल्या सिनेटरला अर्ज केला.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरवय. आता त्र्याहत्तरीतून त्या बाईकडे पाहते तर तिचे कान उपटावेसे वाटतात.

माझी मुलगी तिकडे एका मक्याच्या राज्यात राहते. नवराबायको दोघंही नोकरीत, नात तिथलीच जन्मलेली. कायमचं राहायच्या कागदासाठी त्यांनी नंबर लावलाय, आणि ती रांग काही पुढे सरकत नाही. तोवर व्हिसावर दिवस काढायचे. त्यातली मेख अशी की एकदा इकडे आलं की पासपोर्टवर नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. शिक्का नाकारला तर घर, नोकरी, पोरीची शाळा तिकडे आणि माणसं इकडे. या भीतीनं ती पाच वर्षं आली नव्हती.

त्या दिवाळीला येणार होती. तिकिटं निघाली होती. मी नातीच्या मापाचा परकर शिवायला टाकला होता, मापं अंदाजानं. आणि तेवढ्यात त्यांच्या राज्याचा सिनेटर टीव्हीवर बोलला की बाहेरच्यांचे व्हिसे कमी करा, मुदत संपूनही राहिलेल्यांना घराघरांतून हुडकून काढा, आणि ज्यांची कागदपत्रं बरोबर आहेत तीही पुन्हा तपासा.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, यंदा नको. भीती वाटते."

कॉलेजात असताना ही पोरगी बडनेऱ्याहून संध्याकाळच्या गाडीनं एकटी यायची. भीती वाटते हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. म्हटलं, थांब, त्या मेंबरशी मीच बोलते.

मी तीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं. अर्ध्या अमरावतीच्या निबंधांवर माझा लाल पेन फिरलेला. सिनेटरच्या वेबसाइटवर पत्र लिहायचा फॉर्म होता. त्यात त्यांच्या राज्यातला पत्ता टाकल्याशिवाय गाडी पुढे जाईना. मी मुलीचा पत्ता टाकला. घर नंबर, रस्ता, पिनकोड, सगळा. नाव माझं, ईमेल माझा. खाली एका चौकटीत बरोबरची खूण आधीच होती. म्हटलं, फुकट आहे तर राहू द्या.

रिस्पेक्टेड सर, अशी सुरुवात केली. माझे यजमानही सिनेटचे उमेदवार होते, हे दुसऱ्याच वाक्यात. पडले, हे लिहिलं नाही. मग मुलीचे गुण, नातीचे गुण. आणि शेवटी मी माझ्या शिष्टाचाराचा कळस केला. आमच्या वऱ्हाडात पाहुणा दोन दिवस राहिला तरी निघताना म्हणतो, "लय मुक्काम झाला बाप्पा, तरास देल्ला तुमाले." तो काही जास्त राहिलेला नसतो. म्हणायची रीत आहे. त्यावर घरधन्यानं म्हणायचं असतं, "काहून? घर तुमचंच हाये, राहा अजून." मी म्हटलं, आपण पहिली बाजू बोलावी, म्हणजे त्याला दुसरी बोलावीच लागेल. आणि इंग्रजीत लिहिलं की माझ्या मुलीनं आपल्या थोर देशात आधीच ओव्हरस्टे केला आहे, त्याबद्दल मी तिच्या वतीनं क्षमा मागते.

आणि बटण दाबलं. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर जुने पेपर अंथरत होते. एका पेपरात मोठ्या अक्षरांत 'ओव्हरस्टे' दिसलं, म्हणून उभ्याउभ्या वाचलं. व्हिसाची मुदत संपूनही राहिले, म्हणून कुणाकुणाला हातकड्या घालून विमानात बसवलं होतं. डबे खालीच राहिले. मी शब्दकोश काढला. शब्दकोशानंही तेच सांगितलं.

मी माझ्याच पोरीची चुगली केली होती. नावानिशी, पत्त्यानिशी, आणि वर माफी मागून.

तिच्या घराचा दरवाजा मी व्हिडिओवर पाहिला होता. हिरवा आहे, बाहेर लाकडी दोन पायऱ्या. त्या दिवसापासून मला त्या पायऱ्यांवर सारखे बूट दिसायला लागले. कुकरची शिट्टी झाली तरी मला दारावरची बेल वाटायची. दोन दिवसांनी ह्यांना सांगितलं.

"अवो, पण तिची मुदत संपली नाही ना?"

"नाही. दोन वर्षं हायेत अजून."

"मंग?"

"मंग काय? माय सोता लिहून देऊन राहिली म्हटल्यावर कागद कोण पाह्यते?"

हे हसले. "सिनेट हाये ते. आमच्या सिनेटमंधी माणूस रिटायर होये पन त्याचा अर्ज निघत नव्हता. तुह्या अर्जावर कोनं चहाचा कप ठेवला असन."

"तुमी तं पडले होते. आतमंधी काय चालते ते तुमाले काय माहीत?"

ते हसायचे थांबले. नंतर पाहिलं, तर चष्मा लावून वहीतला माझ्या पत्राचा कच्चा मसुदा वाचत होते, आणि ओठ हलत होते.

मुलीला सांगायची हिंमत झाली नाही. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. ती बोलता बोलता थांबली की मी लगेच विचारायची, "काय झालं?" "काही नाही, दूध उतू गेलं." असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी फोन आला नाही. मी लावला, उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला: बरी आहे, नंतर बोलते. बरी आहे असं माणूस बरं नसतानाच लिहितं, एवढं मराठी मला येतं.

मंगळवारी अकोल्याला भावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. सख्खी बहीण न जाऊन चालणार नव्हतं. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत फोन मांडीवर ठेवून बसले; मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. तिथं अंगणात रोडगे भाजणं चाललेलं, वांग्याच्या भाजीचा वास, शंभर बायका, आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य, "पोरगी येऊन राहिली नं दिवाईले?" मी हसत होते. दात दुखेपर्यंत हसत होते.

पंगतीत बसणार तर फोन वाजला. मी नव्या न्हाणीघरात शिरून कडी लावली. नळ अजून जोडलेले नव्हते.

"आई, तू इथल्या सिनेटरला काही लिहिलं होतंस का?"

बाहेरून भावजय ओरडली, "ताई, रोडगे थंडे होऊन राह्यले नं वो!"

"आई?"

"हो," म्हटलं. "काय केलं त्यानं तुला?"

"पत्र आलंय. तुझ्या नावानं, माझ्या पत्त्यावर." आणि तिनं वाचून दाखवलं. प्रिय मैत्रीण, मुदत संपूनही आपल्या देशात राहणाऱ्यांबद्दलची तुमची काळजी माझ्यापर्यंत पोचली. या लढ्यात तुमच्यासारखे सजग नागरिक माझ्यासोबत आहेत, याचा मला अभिमान वाटतो. असल्या शेवटच्या माणसाला परत पाठवेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. खाली छापील सही.

मशीननं 'ओव्हरस्टे' हा शब्द पकडला होता आणि त्या शब्दाचं ठेवणीतलं उत्तर पाठवलं होतं. अर्ज कुणी वाचलाच नव्हता. हे बरोबर निघाले. मला एवढं हसू आलं की न्हाणीतल्या पालथ्या बादलीवर बसावं लागलं.

मुलगी हसली नाही.

"शुक्रवारी आलं होतं ते," ती म्हणाली. "पाकिटावर सिनेटचं नाव पाहून मी तीन दिवस उघडलंच नाही. पोरीला घेऊन बाहेर पडले की मागे गाडी तर नाही ना, पाहत होते. काल वकिलाकडे गेले, त्यांनी उघडलं. आई, पुन्हा लिहू नकोस."

त्या दिवाळीला ती आली नाही. परकर पिशवीतच लहान झाला.

आणि ती चौकट, जिच्यात फुकटची खूण होती, तिनं माझं नाव सिनेटरच्या यादीत घातलं. तेव्हापासून दर आठवड्याला त्याचा ईमेल येतो. नऊ वर्षं मी तो वाचते आहे. त्याचं चरित्र मला आमच्या आमदाराच्या चरित्रापेक्षा जास्त पाठ आहे. बापाचं बी-बियाण्यांचं दुकान. आजोबा बोटीतून एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते. ती पेटी त्याच्या ऑफिसात काचेत ठेवली आहे. सरकारी वकील झाला. पहिल्या निवडणुकीत पडला, हे वाचून आमच्या ह्यांना त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटायला लागली. मग राज्याची विधानसभा, मग सिनेट. कर नको, बंदूक हवी, रविवारी चर्च, बाहेरचे नकोत. एकदा एक कायदा अडवायला उभ्याउभ्या इतके तास बोलला म्हणे की पायांना सूज आली. बायको आजारी होती तेव्हा त्यानं तिच्या उशाशी बसल्याचा फोटो पाठवला. त्या आठवड्यात मला त्याची दया आली. पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा व्हिसाविषयी लिहिलं.

ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, यादीतून नाव काढायचं असल्यास इथे दाबा. मी कधी दाबलं नाही. नाव काढायला गेलं की यादी उघडणार, यादी उघडली की पत्ता दिसणार, पत्ता दिसला की कुणीतरी विचारणार, ही बाई अमरावतीची, मग त्या पत्त्यावर कोण राहतं?

मधे एकदा मुलगी आली. पासपोर्ट शिक्क्यासाठी मुंबईत गेला तो तीन आठवडे परत येईना. मी देवापुढे बसून सिनेटरच्या तब्येतीसाठी दिवा लावला, म्हणजे पाहा. शिक्का मिळाला. पण ते तीन आठवडे ती गॅलरीत फोन हातात घेऊन बसायची, आणि माझ्याकडे पाहायची नाही.

परवाचा ईमेल वेगळा होता. आता उभा राहणार नाही, वय झालं, असं त्यानं लिहिलं होतं. माझ्याच वयाचा आहे. खाली एका तरुण माणसाचा फोटो, दात पांढरे, बाह्या सरसावलेल्या. माझं काम हा पुढे नेईल, आणि तुम्हा सगळ्या मित्रांची यादी मी त्याच्या हाती सोपवतो आहे. तरुणाचं पहिलं वाक्य होतं, आजवर आपण फार सौम्य वागलो.

हे मागे उभं राहून वाचत होते. म्हणाले, "अवो, आतातरी काढ नाव."

मी बोट त्या बारीक अक्षरांवर नेलं. मुलीची तिकिटं निघाली आहेत, महिनाभर राहणार आहे, आणि शिक्का पुन्हा लागणार आहे. रांगेतला नंबर अजून आलेला नाही.

"काढते," म्हटलं. "पोरगी येऊन गेली की काढते."

"आल्यावर?"

"आल्यावर नाही. वापस तिकडं आपल्या घरी पोचल्यावर."

आणि बोट उचललं.